सेकंड हँड फोन घेताना भाव कसा करायचा? आधी १५ अंक तपासा, मग बोला

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने ११,५०० रुपयांना एक सेकंड हँड फोन घेतला. दुकानात उभं राहूनच त्याने मला व्हिडिओ कॉल केला, "दादा, बघ ना, घेऊ का?" घरात कुणालाही फोन घ्यायचा असला की मला असा कॉल येतोच, कारण मी 'कॉम्प्युटरवाला'. मी प्रोसेसर विचारला, रॅम विचारली, कॅमेरा उघडून दाखवायला लावला, अँड्रॉइडचं व्हर्जन बघितलं. नवा असताना हा फोन २५ हजारांच्या आसपास होता. "मस्त डील आहे, घेऊन टाक," मी म्हणालो.

अडीच महिन्यांनी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. तो वापरत असलेला हँडसेट चोरीला गेल्याची तक्रार होती. बिल आहे का? नाही. दुकानदाराने लिहून दिलेलं काही? एक व्हिजिटिंग कार्ड. हँडसेट जमा करावा लागला, तो मूळ मालकाकडे परत गेला. दुकानदार म्हणाला, "मी पण कुणाकडून तरी घेतला होता," आणि विषय संपला. पोराने सुट्टीत काम करून साठवलेले पैसे गेले. जबाब द्यायला दोनदा एसटीने जावं लागलं, तो खर्च आणि घरच्यांची बोलणी वेगळी.

मी त्या कॉलवर सगळं तपासलं होतं, फक्त आयएमईआय सोडून. त्यामुळे स्वस्तात फोन कसा मिळवायचा हे सांगताना सुरुवात तिथूनच करतो. भावाचं गणित नंतर.

ते १५ अंक

प्रत्येक मोबाईलला १५ अंकी आयएमईआय नंबर असतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात. पहिल्या आठ अंकांवरून कंपनी आणि मॉडेल ओळखता येतं. शेवटचा अंक आधीच्या चौदा अंकांवर एक छोटं गणित करून काढलेला असतो, त्यामुळे कुणी मनाने ठोकलेला नंबर बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो.

फोन हातात आला की डायल पॅडवर *#०६# टाइप करा. कॉल बटन दाबायचीही गरज नाही, नंबर समोर येतो. तो बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळतो का बघा. मग तुमच्या स्वतःच्या फोनवरून १४४२२ या नंबरला मेसेज पाठवा: इंग्रजी कॅपिटलमध्ये के, वाय, एम ही तीन अक्षरं, मग एक स्पेस, मग तो १५ अंकी नंबर. उत्तरात कंपनी, मॉडेल आणि स्टेटस येतं. हेच काम सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर किंवा ॲपमध्येही होतं. स्टेटस 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' दिसलं तर फोन परत द्या आणि निघा. त्यावर घासाघीस करत बसू नका. हातात एक मॉडेल आणि मेसेजमध्ये दुसरंच मॉडेल दिसलं, तर आयएमईआय बदललेला असण्याची शक्यता आहे. तिथूनही निघा.

यामागची यंत्रणा म्हणजे सीईआयआर, दूरसंचार विभागाचं केंद्रीय रजिस्टर. त्याची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत, म्हणजे आपल्याकडेच झाली आणि मे २०२३ मध्ये ती देशभर लागू झाली. फोन हरवला की मालक पोलिसांत तक्रार देतो आणि तिथे ब्लॉकची विनंती टाकतो. मग त्या फोनमध्ये कुठलंही सिम टाका, तो देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही आणि कुणीतरी सिम टाकलंय ही खबर पोलिसांपर्यंत पोहोचते. माझ्या भावाचा नंबर पोलिसांना मिळाला तो असा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मेसेजमध्ये स्टेटस चांगलं आलं म्हणजे फोन शंभर टक्के स्वच्छ, असं नाही. काल चोरीला गेलेल्या फोनची तक्रार आज सिस्टीममध्ये नसूही शकते. त्यामुळे मेसेज आणि बिल दोन्ही लागतं. एक असेल तर दुसरं चालून जाईल, असं समजू नका.

कायद्याचंही थोडं बोलू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, तो बेइमानीने घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मला माहीत नव्हतं" हे खरं असेल तर ठीक. पण ४० हजारांचा फोन, बिल नाही, बॉक्स नाही, रस्त्यावर ८ हजारांत घेतला, हे कुणालाही पटवून देणं सोपं नाही.

घरून निघताना दोन आकडे लिहून घ्या

आता भाव. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केट, पुण्यात पासोड्या विठोबा मंदिराचा परिसर, नाहीतर तुमच्या गावातलं बसस्टँडजवळचं मोबाईल शॉप, सगळीकडे गोष्ट एकच. दुकानदाराला त्या फोनची किंमत माहीत असते आणि आपल्याला नसते. त्याची खरी कमाई या फरकातून होते. हा फरक घरी बसूनच कमी करता येतो.

पहिला आकडा: तोच फोन, किंवा त्याच दर्जाचा नवा फोन, आज ऑनलाइन सेलमध्ये कितीला मिळतो? हा तुमचा वरचा आकडा. लाँचच्या वेळची किंमत विसरा. दुकानदार नेहमी तीच सांगतो, "बत्तीस हजार का फोन है भाई." पण आज तोच नवा २३ हजारांत मिळत असेल, तर बत्तीसचा काय संबंध?

दुसरा आकडा: जुने फोन विकत घेणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर जा आणि जणू तुम्हीच तो फोन विकताय अशी माहिती भरा. मॉडेल, स्टोरेज, अवस्था, बिल आहे की नाही. ती वेबसाइट जो आकडा दाखवेल, साधारण तेवढ्याला किंवा त्याच्या आसपास दुकानदारालाही माल पडतो. हा तुमचा खालचा आकडा.

समजा नवा २३ हजार आणि जुन्याची खरेदी ९ हजार. दुकानदार १६,५०० सांगतोय. त्याला दुकानाचं भाडं आहे, एखादा पीस अंगावर पडतो, थोडा नफा हवाच. मग ११ ते १३ हजारांच्या मध्ये कुठेतरी व्यवहार व्हायला हरकत नाही. त्याला साडेआठ हजार म्हणून अपमान करण्यात अर्थ नाही, तो तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून मोजणंच सोडून देईल. आणि जुना फोन नव्याच्या ऐंशी टक्के किमतीला मिळत असेल, तर सरळ नवा घ्या. वॉरंटी तरी मिळेल.

तिसरी एक गोष्ट आकड्यात दिसत नाही, पण पैसे तिथेच वाचतात: अपडेट किती वर्षं राहिलेत. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२३ फेब्रुवारी २०२३ चा, त्याला पाच वर्षांचे सिक्युरिटी अपडेट, म्हणजे २०२८ पर्यंत. एस२४ जानेवारी २०२४ चा, पण त्याला सात वर्षं, म्हणजे २०३१ पर्यंत. वयात फरक एका वर्षाचा, आयुष्यात तीन वर्षांचा. गुगलच्या पिक्सेल ७ आणि पिक्सेल ८ मध्येही अशीच उडी आहे: एक ऑक्टोबर २०२७ पर्यंत, दुसरा ऑक्टोबर २०३० पर्यंत. दोघांच्या भावात दोन-तीन हजारांचा फरक असेल तर पुढचा घ्या. बाजारात हा हिशोब फार कमी लोक करतात, म्हणून अशा जोड्या सापडतात.

दोष शोधा, कारण प्रत्येक दोषाला किंमत आहे

"थोडं कमी करा ना" याला काहीच उत्तर नसतं. "फोल्डर बदललेला आहे, मला पुढे अडचण येणार" याला असतं. बाजारात डिस्प्लेच्या अख्ख्या जोडणीला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. जुन्या फोनमधली सगळ्यात मोठी गडबड इथेच असते.

ओळखायचं कसं? मूळ फोन अमोलेड आणि स्क्रीनखाली फिंगरप्रिंट असलेला असेल, तर काम सोपं आहे. दुरुस्तीत स्वस्तातला एलसीडी फोल्डर बसवला असेल तर स्क्रीनखालचं फिंगरप्रिंट चालत नाही, कारण एलसीडीच्या मागे बॅकलाइटचा थर असतो आणि सेन्सरला त्यातून बोट दिसत नाही. दुकानदार म्हणतो, "फिंगर का सेटिंग करना पडेगा." सेटिंग नसते ती. पूर्ण काळा फोटो उघडा आणि हाताने सावली करून बघा. अमोलेडवर काळा म्हणजे खरोखर काळा, एलसीडीवर राखाडी उजेड दिसतो. मग पूर्ण पांढरा फोटो उघडा: कीबोर्डच्या किंवा वरच्या आयकॉनच्या जागी फिकट डाग दिसला तर स्क्रीन भाजलेली आहे. हिरवी किंवा गुलाबी उभी रेष दिसली, कितीही बारीक असो, तर तो फोन घेऊच नका. ती रेष एकटी राहत नाही.

सॅमसंगमध्ये *#०*# टाकलं की रंग, टच, सेन्सर, स्पीकर असं सगळं तपासायचं पान उघडतं. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये *#*#६४८४#*#* चालतं. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा. आयओएस १५.२ पासून पुढे, एखादा भाग बदलला असेल तर मॉडेलनुसार तिथे नोंद दिसते आणि 'अननोन पार्ट' आलं तर तो बाहेरचा आहे. त्याच पानावर मॉडेल नंबर असतो. तो एम ने सुरू होत असेल तर फोन नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर रिफर्बिश्ड, एन असेल तर कंपनीने बदलून दिलेला. एफ वाईट नाही, पण एम च्या भावाने एफ घेऊ नका.

बॅटरीचं म्हणाल तर आयफोनमध्ये टक्केवारी दिसते. ॲपलच्या हिशोबाने आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलची बॅटरी ५०० चार्जिंग सायकलनंतर ८० टक्क्यांवर येते, १५ सिरीजची १००० नंतर. ८० च्या खाली असेल तर बदलायचा खर्च थेट भावातून वजा करा. अँड्रॉइडमध्ये बरेचदा हा आकडा दिसत नाही. मग सरळ ४के व्हिडिओ दहा मिनिटं चालू ठेवा आणि बाकी तपासण्या तोपर्यंत करा. टक्के पायरीपायरीने उतरतात की ४० वरून एकदम ३१ होतात ते बघा. उडी मारली तर बॅटरी संपलेली. फोन सपाट काचेवर पालथा ठेवून डुगडुगतो का, कडेला स्क्रीन उचललेली आहे का, हेही बघा. फुगलेल्या बॅटरीचा फोन खिशात घालायची गोष्ट नाही.

बाकी पटापट: तुमचं सिम दोन्ही स्लॉटमध्ये टाकून खरा कॉल करा, कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का बघा, व्हॉइस रेकॉर्ड करून ऐका, चार्जर लावा, सगळे कॅमेरे उघडा. "१६ जीबी रॅम" म्हणाला तर विचारा, खरी किती? ८ अधिक ८ असेल तर खरी ८ च, उरलेली स्टोरेजमधून उसनी घेतलेली. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटखाली 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' लिहिलेलं असावं. नसेल तर बँकेची ॲप्स उद्या नखरे करणार.

कुलूप लावलेला फोन

२०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून फोन बाहेरून रिसेट केला तर तो आधीच्या मालकाचं गुगल अकाउंट मागतो. आयफोनमध्ये हेच ॲक्टिव्हेशन लॉक आयओएस ७ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. म्हणून समोर रिसेट करायला लावा, तुमच्या हॉटस्पॉटला जोडा, तुमचं अकाउंट टाका, होम स्क्रीनपर्यंत पोहोचा. पैसे त्यानंतर. "घरी जाऊन सेटअप करा, दहा मिनिटांचं काम आहे" म्हणाला तर ती दहा मिनिटं तिथेच घालवा.

हप्त्यावर घेतलेल्या फोनचं दुखणं वेगळं. हप्ते थकले की फायनान्सवाले फोन लॉक करतात आणि हे लॉक रिसेटनंतरही परत येतं. सेटअप करताना 'हे डिव्हाइस अमुक संस्थेच्या मालकीचं आहे' अशा अर्थाची ओळ दिसली, की फोन खाली ठेवा.

बोलणी

दुकान उघडल्यावर तासाभरात जा, आठवड्याच्या मधल्या वारी. बोहनीच्या गिऱ्हाइकाला मुंबई-पुण्याचा दुकानदार सहसा रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. रविवारी संध्याकाळी त्याला तुमची गरज नसते. दसरा-दिवाळीच्या सेलनंतर जुन्या फोनची एक्स्चेंजमधून बाजारात गर्दी होते, तेव्हाचे भाव नरम असतात. एखाद्या मॉडेलची नवी आवृत्ती आल्यानंतरचे पहिले काही आठवडेही तसेच.

आधी त्याला आकडा सांगू द्या. मग तपासणी त्याच्या समोर करा, दोष मोठ्याने बोला, पण फोनला नावं ठेवू नका. "बॅटरी बदलावी लागेल, मागची काच उडालीये, चार्जर नाहीये. माझं बजेट १२ आहे." आणि गप्प बसा. मला स्वतःला ही गप्प बसण्याची पायरी सगळ्यात जड जाते. मीच पुढे "बरं साडेबारा" म्हणून बसतो. तो पैशांत खाली येत नसेल तर वस्तू मागा: ओरिजिनल चार्जर, टेम्पर्ड ग्लास, कव्हर. त्याला ते स्वस्तात पडतं, आपल्याला बाहेर महाग. आणि जास्त दिवसांची चेकिंग वॉरंटी मागा. पाचशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा तीन दिवसांची चेकिंग वॉरंटी दहा दिवसांची करून घेणं मी कधीही पसंत करेन.

ऑनलाइन जाहिरात बघून घरगुती विक्रेत्याकडून घेत असाल तर भाव बरेचदा चांगला मिळतो, कारण मधला दुकानदार नसतो. पण दिवसा, गर्दीच्या जागी भेटा. फोन हातात येण्याआधी एक रुपयाही पाठवू नका. "मी सैन्यात आहे, बदली झालीये, कुरिअरने पाठवतो, थोडा ॲडव्हान्स टाका" ही जुनीच फसवणूक आहे आणि अजून चालते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या. नोंद राहते. बिलावर दुकानाचं नाव, तारीख, रक्कम आणि दोन्ही आयएमईआय लिहून, शिक्का मारून घ्या. घरगुती विक्रेता असेल तर त्याच्याकडचं मूळ बिल घ्या आणि 'हा फोन मी अमुक तारखेला अमुक रकमेला विकला' एवढं सहीसकट लिहून घ्या. जो बिलावर आयएमईआय लिहायला कां कूं करतो, त्याच्याकडे तो नंबर का लिहायचा नाही याचं कारण असतं.

या दिवाळीनंतर भावाला पुन्हा फोन घ्यायचा होता. यावेळी व्हिडिओ कॉल नको म्हटलं, मीच पुण्याहून मुंबईला गेलो आणि दोघं बुधवारी सकाळी लॅमिंग्टन रोडला पोहोचलो. पहिल्या दुकानात मॉडेल जुळलं नाही, दुसऱ्यात फिंगरप्रिंटचं 'सेटिंग' निघालं. तिसऱ्यात १५ हजार सांगितलेला फोन १२,४०० ला ठरला, चार्जर आणि दहा दिवसांची चेकिंग वॉरंटी धरून. भावाने स्वतः १४४२२ ला मेसेज पाठवला, उत्तर येईपर्यंत पाकीट खिशातच ठेवलं. सहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की स्पीकरवर बोलताना समोरच्याला आवाज तुटक जातोय. हा माइक आम्ही दोघांनीही तपासला नव्हता. तो बिल घेऊन परत गेला. दुकानदाराने कुरकुर केली, पण बिलावर त्याच्याच अक्षरात 'दहा दिवस' लिहिलेलं होतं. दुपारपर्यंत माइक बदलून मिळाला.